टीम आठ दिवसांत होते, स्विंग होत नाही! सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आपल्या पोरापोरींचं खरं गणित

अंथुर्णे (ता. इंदापूर), वार्ताहर :

शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला की आपल्याकडं शालेय स्पर्धांचं वारं सुटतं. कबड्डी, खो-खो, कुस्ती या खेळांना टीम शोधावी लागत नाही, त्या गल्लीतच तयार असतात. पण गेल्या काही वर्षांत ग्रामीण शाळांच्या फॉर्मवर आणखी एक नाव दिसायला लागलं आहे, ते म्हणजे सॉफ्टबॉल. खेळ बघितलेला नसतो, बॅट हातात घेतलेली नसते, पण नाव दिलेलं असतं. हे का होतं आणि त्यात आपल्या पोरांचा फायदा किती, नुकसान किती, याचा जरा नीट विचार करायची वेळ आली आहे.

कारण सरळ आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. कबड्डीला तालुक्यातच ढिगानं संघ. सॉफ्टबॉलसारख्या खेळात संघ कमी, म्हणून बऱ्याच ठिकाणी थेट जिल्ह्यापासूनच सुरुवात होते. म्हणजे दोन-चार सामने जिंकले की पोरगं विभागाला, अजून जिंकलं की राज्याला. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. आई-बापाला हे गणित लगेच कळतं, आणि कळावंच. ऊस जाऊन बिल कधी पडेल याची खात्री नसलेल्या घरात पोरीला नोकरी लागली तर घर उभं राहतं. यात चुकीचं काही नाही.

चुकतं ते पुढं. फॉर्म भरल्यावर आठ दिवस आधी बॅट बाहेर निघते, पोरं उभी केली जातात आणि सूचना एकच, "जोरात फिरव!" जिल्ह्याला गेल्यावर समोर वर्षभर सराव केलेली पिचर असते. आपली पोरगी तीन वेळा हवेत बॅट फिरवते आणि परत येऊन बसते. घरी सांगितलं जातं की नशीब नव्हतं. मंडळी, नशिबाचा विषयच नाही हा. जत्रेच्या आठ दिवस आधी तालमीत गेलेला गडी शेवटची कुस्ती मारत नाही, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. मग सॉफ्टबॉललाच वेगळा नियम कसा लागेल?

अर्ध्या सेकंदाचा खेळ

नाव 'सॉफ्ट' आहे म्हणून चेंडू मऊ असतो असं समजू नका. सॉफ्टबॉलचा चेंडू साधारण १७८ ते १९८ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर चेंडूपेक्षाही (१५६ ते १६३ ग्रॅम) जड. घेर १२ इंच. खेळाचा जन्म १८८७ मध्ये अमेरिकेत शिकागोला एका बंद हॉलमध्ये झाला, तोही बॉक्सिंगचा गुंडाळलेला हातमोजा काठीनं मारून. तेव्हा तो मऊ होता, आता नाही. म्हणून हेल्मेटशिवाय कुठल्याही पोराला पिचरसमोर उभं करू नये, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट अंतराची. महिलांच्या खेळात पिचर ते होम प्लेट अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पुरुषांच्या खेळात ४६ फूट. चेंडू खांद्याखालून हात गोल फिरवून टाकतात. आता हिशोब करा. ताशी १०० किलोमीटरनं आलेला चेंडू १३.११ मीटर कापायला साधारण ०.४७ सेकंद घेतो. क्रिकेटमध्ये दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. तिथं एवढाच वेळ मिळायला बोलर ताशी १३५ किलोमीटरचा लागतो. शाळेच्या पातळीवर चेंडू ताशी ७० नं आला असं धरलं तरी पाऊण सेकंदही मिळत नाही. एवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि बॅट फिरवून नेमकी चेंडूवर आणायची. बॅट गोल आणि जास्तीत जास्त सव्वादोन इंच जाडीची. चेंडूही गोल. गोलावर गोल बसवायचा म्हणजे फक्त दंडातली ताकद कामाला येत नाही.

टेलला पाणी पोचलं पाहिजे

स्विंग म्हणजे काय हे पोरांना समजवायला मला कालव्याइतकं चांगलं उदाहरण सापडलं नाही. नीरा डावा कालवा ज्याच्या रानाजवळून जातो त्याला हे लगेच कळेल. पाणी कालव्यातून चारीला, चारीतून पोटचारीला, तिथून सरीला जातं. मध्ये कुठं फुटलं तर टेलच्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही, धरण कितीही भरलेलं असू द्या.

बॅटिंगचंही तसंच आहे. जोर जमिनीतून निघतो. पायातून गुडघ्याला, गुडघ्यातून कमरेला, कमरेतून छाती-खांद्याला, तिथून हाताला आणि सगळ्यात शेवटी बॅटला. बॅट ही टेल आहे. नवीन पोरगं काय करतं? पाय आणि कंबर जागेवर ठेवून फक्त हातानं झोडतं. म्हणजे कालवा बंद ठेवून टेलला बादलीनं पाणी घालण्यासारखं. लाकूड फोडणारा गडी बघा, कुऱ्हाड हातात असते पण घाव सगळ्या अंगाचा असतो. जे अंग शेतात आपोआप वळतं, ते मैदानात का वळू नये?

स्विंग पायरी-पायरीनं

खालचं सगळं उजव्या हाताच्या खेळाडूसाठी आहे. डावखुऱ्यानं उलट धरावं.

१) पकड : डावा हात खाली मुठीजवळ, उजवा वर, दोन्ही चिकटून. बॅट तळहातात रुतवायची नाही, बोटांत धरायची. दारावर टकटक करताना जी मधली हाडं लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली पाहिजेत. कोंबडीचं पिल्लू धरावं तशी पकड. उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये. पकड आवळली की खांदा आवळतो आणि बॅट मंद होते.

२) उभं राहणं : पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, वजन टाचांवर नाही तर चवड्यांवर. दोन्ही डोळे पिचरकडं. पुष्कळ पोरं मान कमी वळवतात आणि एकाच डोळ्यानं बघतात, मग चेंडूचं अंतर कळत नाही.

३) मागं ओढणं : पिचरचा हात फिरायला लागला की वजन थोडं मागच्या पायावर, हात थोडे मागं. बॅट खांद्यामागं उभी. गोफणीनं दगड मारायच्या आधी हात मागं जातोच, तसंच.

४) पुढचं पाऊल : फार तर वीतभर, आणि हलकं. खाली अंडं आहे असं समजून ठेवायचं. पाय पुढं गेला तरी हात मागंच राहिले पाहिजेत. पायाबरोबर सगळं अंग पुढं पडलं की संपलं, मग वळायला काही शिल्लक राहत नाही.

५) कंबर : आता मागची टाच उचलते, मागचा गुडघा आत वळतो आणि कंबर फिरते. बेंबी पिचरकडं आली पाहिजे, एवढंच पोराला सांगा. कंबर आधी, हात नंतर. हा क्रम म्हणजे सगळ्या स्विंगचा जीव.

६) हात : कोपर अंगाजवळून, बॅटची मूठ आधी चेंडूकडं आणि मग बॅटचं डोकं बाहेर. मोठा फेरा मारला तर बॅट लांबून फिरून येते आणि तोवर चेंडू कॅचरच्या हातात असतो.

७) संपर्क : चेंडू लागताना उजवा तळहात आभाळाकडं, डावा जमिनीकडं. अंगाजवळचा चेंडू थोडा पुढंच गाठायचा, बाहेरचा चेंडू जरा आत येऊ द्यायचा. म्हणजे आतला डावीकडं आणि बाहेरचा उजवीकडं जातो. प्रत्येक चेंडू डावीकडं ओढायचा हट्ट केला की बाहेरचा चेंडू चुकतो नाहीतर हळू सरपटत जातो.

८) शेवट : चेंडू लागल्यावर बॅट थांबवायची नाही, पुढं जाऊ द्यायची. डोकं मात्र तिथंच. मारला कुठं हे बघायची घाई केली की डोकं आधी उठतं, आणि डोक्यामागं खांदा उघडतो.

"खाली मार" की "उचलून मार", यावर मैदानात कायम वाद असतो. उत्तर चेंडूकडंच आहे. बहुतेक चेंडू होम प्लेटपर्यंत येताना थोडे उतरत येतात. बॅट वरून खाली तोडत आणली तर दोघांच्या वाटा एका क्षणापुरत्याच जुळतात. बॅट सपाट, शेवटी किंचित वर जाणारी असेल तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते आणि थोडं लवकर-उशिरा झालं तरी चेंडू लागतो. लहान पोरांना आधी सपाट शिकवा. षटकारासाठी उचलणं त्यांना शिकवायला लागत नाही, ते टेनिस क्रिकेटमधून घेऊनच येतात.

क्रिकेटचं देणं आणि क्रिकेटची खोड

आपल्या गावात बॅट म्हटलं की क्रिकेट. त्याचा फायदा आहे, नजर आणि हात तयार असतात. पण काही सवयी मोडाव्या लागतात. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा खाऊन येतो, इथं टप्पाच नाही, त्यामुळं पोरगं वाट बघत राहतं. क्रिकेटमध्ये बॅट खाली लटकते, इथं वर मागं उभी असते. तिथं आडव्या बॅटनं खेळलं की ओरडा बसतो, इथं आडवीच फिरवायची आहे.

सगळ्यात मोठी खोड म्हणजे दिसेल त्या चेंडूवर बॅट घालणं. टेनिस क्रिकेटमध्ये चेंडू सोडला की मागून हुर्यो उडते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू सोडणं हीसुद्धा बॅटिंग आहे. होम प्लेट १७ इंच रुंद. त्यावरून गुडघा ते काख एवढ्या उंचीत आलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की आउट. पण त्या चौकटीबाहेरचे चार चेंडू सोडले तर पहिला बेस फुकट. म्हणून सरावात काही वेळ बॅट खांद्यावर ठेवून पोरानं फक्त "स्ट्राइक" का "बॉल" एवढंच ओरडायचं. खर्च शून्य, उपयोग मोठा.

सामान नाही, ही सबब किती खरी?

बॅट, ग्लोव्ह, हेल्मेट स्वस्त नाहीत, हे मान्य. पण स्विंग शिकायला रोज पिचर आणि दोन डझन चेंडू लागत नाहीत. जगभर मोठे खेळाडूही 'टी'वर, म्हणजे एका दांडीवर चेंडू ठेवून सराव करतात. ती टी आपल्या खळ्यात पडलेल्या सामानातून होते. जुन्या डब्यात सिमेंट-खडी ओतून त्यात पीव्हीसी पाइप उभा करा, त्यात बसेल असा दुसरा पाइप वर घाला, उंची खिळ्यानं अडवा. टोकाला सायकलच्या ट्यूबचा किंवा रबरी नळीचा तुकडा लावा, म्हणजे बॅट पाइपला लागली तरी फुटणार नाही. समोर जुनं शेडनेट किंवा दोन गोधड्या टांगा. चेंडू कमी असतील तर जुन्या पायमोज्यात चिंध्या घट्ट शिवून चेंडू करा. टायर टांगून त्यावर मारायचं असेल तर चांगली बॅट वापरू नका, जुना दांडा वापरा.

बॅट निवडताना एक साधी परीक्षा. पोरानं एका हातानं बॅट खांद्याच्या उंचीला बाजूला सरळ धरायची. वीस आकडे मोजेपर्यंत हात थरथरून खाली आला तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे. शाळेत एकच मोठी बॅट आणि तीच पाचवीपासून बारावीपर्यंत सगळ्यांच्या हातात, हे चित्र बदललं पाहिजे. जड बॅटनं पोरगं कंबर वळवायचं सोडून बॅट ओढायला शिकतं, आणि ती खोड पुढं वर्षानुवर्षं जात नाही.

रोज तीसच स्विंग, पण नीट. शंभर दिवसांत तीन हजार होतात. आठ दिवसांत तीन हजार मारायला गेलात तर मनगट, कोपर नाहीतर कंबर धरते. वाढत्या वयातल्या पोराला दुखत असेल तर त्या दिवशी बॅट बंद.

आणि एका वेळी एकच सूचना. "डोकं ठेव, पाय उचल, कोपर घे, कंबर वळव" असं एका दमात सांगितलं की पोरगं गोठतं. आठवडाभर फक्त पाऊल, पुढच्या आठवड्यात फक्त कंबर.

हातातला मोबाईल इथं खरा कामाचा. बहुतेक फोनमध्ये स्लो मोशन असतं. पोराच्या छातीसमोर, बॅट आणि चेंडू पोचणार नाही इतकं लांब उभं राहून बाजूनं शूटिंग करा आणि तीनच गोष्टी बघा. पाऊल टेकलं तेव्हा हात मागं आहेत का? कंबर हाताच्या आधी वळली का? चेंडू लागताना डोळे चेंडूवर आहेत का? बस्स. पण पोरींचे व्हिडिओ त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. एका व्हिडिओमुळं पोरीचं मैदान कायमचं बंद झालेलं गावात कुणाला सांगायला नको.

कागद आणि खेळ

आता नोकरीचं. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयानं खेळाडू आरक्षणाचे निकष सुधारले. त्यात नुसता भाग घेतला म्हणून काम होत नाही. स्पर्धा कुठल्या पातळीची, त्यात स्थान कितवं, संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे सगळं बघतात, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजलं, तेव्हापासून ही चाळण बारीकच झाली आहे. "पैसे द्या, सर्टिफिकेट देतो" म्हणणारा कुणी दारात आला तर त्याला चहा पाजून नाही, तसाच परत पाठवा. कागद खोटा निघाला तर नोकरी तर जातेच, गुन्हाही पोराच्या नावावर लागतो. ज्या भरतीला बसायचं त्या वेळी लागू असलेला नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, फुकट आहे.

२०२८ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय. २०२१ ला टोकियोत जपाननं अमेरिकेला २-० हरवून सुवर्ण घेतलं होतं, त्यानंतर पॅरिसला हा खेळ नव्हता. क्रिकेटही त्याच ऑलिम्पिकला आहे. भारताचा सॉफ्टबॉल संघ तिथं पदक घेईल अशी स्वप्नं मी विकणार नाही. जपान, अमेरिका फार पुढं आहेत. पण खेळ टीव्हीवर, मोबाईलवर दिसेल, पोरं विचारतील, त्या वेळी शिकवणारं कुणी गावात असावं. बारामतीची रेश्मा पुणेकर बेसबॉलमध्ये भारताच्या संघातून खेळली. म्हणजे बॅट फिरवून या भागातली पोरगी देशाचा शर्ट घालू शकते, हे झालेलं आहे.

आपल्या इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे क्रीडामंत्री झाले, जुलै २०२५ अखेर खातं बदलून त्यांच्याकडं कृषी आलं. तेव्हा लोक म्हणायचे, आता गावोगाव मैदानं होतील. खाती येतात आणि जातात. पण रोज संध्याकाळी पाचला मैदानात कोण उभं राहणार, हे मुंबईत ठरत नाही, ते गावातच ठरतं.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. शाळांनी टीम जूनला निवडावी, फॉर्मच्या आदल्या दिवशी नाही, आणि स्पर्धा संपल्यावर हिवाळ्यात सराव बंद करू नये. स्विंग घडतो तो त्याच महिन्यांत. ग्रामपंचायतीनं मैदानाचे दगड वेचून, एक दिवा लावून आणि पोरींसाठी स्वच्छतागृहाला कडी बसवून द्यावी, एवढ्यानंही पोरींची संख्या वाढेल. आणि आई-बापानं "सर्टिफिकेट कधी मिळणार" हे विचारायच्या आधी "आज किती चेंडू नीट लागले" हे विचारावं. सहानंतर पोरीला घरी आणायला घरातलं एक माणूस गाडी घेऊन उभं राहिलं तर तिचा खेळ दोन वर्षं जास्त टिकतो.

खोडवा चांगला यायचा तर लागण चांगली लागते. इथं लागण म्हणजे टीवर ठेवलेला एक चेंडू आणि त्यावर रोजचे तीस स्विंग.